ऐंशी डब्यांचा एकच पत्ता

जांभीपाड्याच्या धनीबाईने शब्द दिला होता, तोही एकट्यादुकट्याला नाही, अख्ख्या पाड्याला. म्हणून पुढे जे झालं ते तिला इतकं लागलं.

पाडा तळोद्याच्या वर, सातपुड्यात. एकेक घर आपापल्या टेकाडावर, हाक मारली तर जेमतेम ऐकू जाईल इतक्या अंतरावर. धनीबाई तिथली आशा सेविका. कुणाचं बाळंतपण, कुणाच्या पोराचं इंजेक्शन, कुणाचा ताप, सगळं तिच्या पायांवर चालायचं. मागच्या हिवाळ्यात तिच्या घरी एक डबा आला. बोटाला सुई टोचायची, रक्ताचा थेंब पट्टीवर घ्यायचा, पट्टी डब्यात सरकवायची. कुणाच्या अंगात सिकलसेल, म्हणजे रक्ताचा पिढीजात आजार, आहे ते डबा ओळखायचा आणि नावासकट आपल्या पोटात ठेवायचा. वर तळहाताएवढा पडदा, आणि त्याच्या विजेसाठी छपरावर एक सोलर प्लेट.

पण बोट पुढे करायला कुणी तयार नव्हतं, आणि त्याला कारणही होतं. काही वर्षांपूर्वी असंच तपासणीचं शिबिर झालं तेव्हा शाळेच्या अंगणात भोंग्यावरून नावं पुकारली होती. सिकलसेलचं कार्ड घ्यायला पुढे या म्हणाले. पोरी बिचाऱ्या पुढे गेल्या आणि त्यांची घरची गोष्ट बाजारची झाली. नुसत्या वाहक होत्या त्या. वाहक माणूस आजारी नसतो. नवराबायको दोघंही वाहक असले तर पोरांना त्रास होऊ शकतो, एवढंच. पण हे समजून घ्यायला कोण थांबतो? ठरलेली लग्नं मोडली. त्यातली एक पोर ऊसतोडीला गुजरातेत गेली, ती आता होळीलासुद्धा घरी येत नाही.

म्हणून धनीबाई घरोघर फिरली. मुठीत जोंधळ्याचे दाणे धरून तिने कणसरीची आण घेतली. कणसरी म्हणजे दाण्यातली देवी, पोटाला घालणारी. तिची आण कुणी बाजारातल्या घासाघिशीत घेत नाही. "तुझं तुला कळेल, सिस्टरला कळेल, मला कळेल," धनीबाई म्हणाली. "चौथ्याला नाही. डबा कुणाला सांगणार नाही."

लोकांनी बोटं पुढे केली. पाड्यातल्या रुपाने केलं. ती वाहक निघाली. होळीनंतर तिचं लग्न ठरायचं होतं.

हा डबा अधूनमधून मरायचा. पडदा काळा पडायचा आणि त्यावर पांढऱ्या आकड्यांच्या ओळी येऊन थांबायच्या. तसं झालं की काय करायचं ते तळोद्याच्या भटूने सगळ्या आशांना शिकवून ठेवलं होतं. डब्यांच्या दुरुस्तीचं काम त्याच्याकडे होतं. आधी पडद्याचा फोटो काढा, म्हणायचा, आणि मोबाइल रेंग्याकडे द्या. रेंग्याची जीप रोज तळोद्याला उतरायची. वर रेंज नाही, त्यामुळे डोंगरातल्या सगळ्या डब्यांची दुखणी अशी जीपमध्ये बसून, कोंबड्या आणि मोहाच्या फुलांच्या पोत्यांबरोबर खाली यायची. भटू फोटो बघायचा, कागदावर उपाय लिहून द्यायचा आणि मोबाइल संध्याकाळच्या फेरीने परत वर जायचा.

होळीच्या आधीच्या बाजाराला चार दिवस असताना डबा मेला तो परत उठेचना. धनीबाईने फोटो तर काढलाच, पण डबाही चादरीत बांधला आणि मांडीवर घेऊन जीपमध्ये बसली.

"धनीबाई, डब्याचं तिकीट वेगळं," रेंग्या म्हणाला.

"टपावरच्या बकरीचं घेतलंस का?"

"बकरी बोलते तरी. हा मुका."

"मुका आहे म्हणूनच घरात ठेवलाय," धनीबाई म्हणाली. "चल हाक."

भटूचं दुकान बसस्टँडच्या मागे. समोर मोबाइलची दुरुस्ती, आत डब्यांची. आतल्या भिंतीवर एक मोठा फ्लेक्स टांगलेला, वाढदिवसाला चौकात लावतात तसा. त्यावर आकडेच आकडे, प्रत्येक आकड्यापुढे दोन शब्द, आणि कोपऱ्यात गॉगल घातलेला भटू.

"ये मावशी," तो म्हणाला. "काय म्हनस तुन्हा डबा?"

तिने मोबाइल पुढे केला. भटूने फोटोतला एक आकडा बघितला, फ्लेक्सवर बोट फिरवलं आणि हातातल्या चहाचा घोट संपायच्या आत सांगितलं, "पट्टी वाचनारा पडना. दोन मिनिटनं काम शे."

दाराशी लिडिया उभी होती. वरच्या मजल्यावर नवनीतभाऊंचं ऑफिस. डब्यांचा ठेका त्यांचा, भटू त्यांचा माणूस. लिडिया आठवड्यापूर्वीच तिथे लागलेली. खांडबाऱ्याकडची ख्रिस्ती पोरगी, घरी मावची बोलणारी, नाशिकला कॉम्प्युटरचं शिकून आलेली. धनीबाईची भिली तिला कळत नव्हती, तिची मावची हिला कळत नव्हती. दोघींचं शाळेतल्या मराठीत जमलं, म्हणून पुढे दोघी एकमेकींशी सावकाश आणि नीट बोलल्या. ती खाली वायर मागायला आली होती, ती फ्लेक्स बघून तिथेच खिळली.

"भटूभाऊ, हे आकडे दर वेळी तेच येतात?"

"तेच येतस."

"कसे? डबा चालू झाला की ते बदलायला पाहिजेत."

"पहिले बदलेत. मंग मी ते बंद करी टाकं." भटूने स्क्रूड्रायव्हरने फ्लेक्सवर टकटक केलं. "आते ऐंशी डबास्ना एकच पत्ता शे. फोटो वना की सांगी देस."

लिडिया फ्लेक्सवरचे आकडे परत वरून वाचायला लागली. तिचा चेहरा बघून धनीबाईने चादरीची गाठ परत आवळली. "काय झालं पोरी? मला कळेल असं सांग."

लिडियाने स्टूल ओढलं.

"मावशी, डबा चालू झाला की त्याच्या आत सगळ्यांच्या आधी एक कारभारी उठतो. त्याला कर्नेल म्हणतात. पट्टी कुणी वाचायची, नाव कुठे ठेवायचं, कुणाला दाखवायचं, कुणाला नाही, हे सगळं तो बघतो. डब्याच्या मेमरीत तो आपलं बिऱ्हाड मांडतो. प्रत्येक सामानाला जागा, प्रत्येक जागेला आकडा. हे आकडे म्हणजे ते पत्ते."

"बरं."

"नीट ठेवलेलं यंत्र दर वेळी चालू झालं की बिऱ्हाड वेगळ्या जागी मांडतं. कुठे मांडणार ते आधी कुणालाच माहीत नसतं, बनवणाऱ्यालाही नाही. हे मुद्दाम केलेलं असतं."

"कशासाठी?"

"बाहेरच्याने एखाद्या फटीतून आत हात घातला तर कुठे चाचपायचं ते त्याला कळू नये म्हणून. हात भलत्या जागी लागला की यंत्र मरतं. चोराच्या हाती काही लागत नाही, आणि आपल्यालाही कळतं की काहीतरी झालं."

धनीबाईला हे नवीन नव्हतं. कोंबड्यांची टोपली ती रोज एकाच जागी झाकत नसे. रानमांजराने एकदा जागा हेरली की ते सरळ तिथेच येतं. तसं तिने सांगितलं.

"अगदी तसंच," लिडिया म्हणाली. "फक्त एक आहे. बिऱ्हाड हलतं, आतली मांडणी हलत नाही. पट्टी वाचणारा आणि नावं ठेवणारा यांच्यातलं अंतर तेच राहतं."

हेही धनीबाईला पटलं. पाड्यातलं घर कुठल्याही टेकाडावर बांधा, दारातून आत गेलं की चूल कुठे आणि चुलीपासून धान्याची कणगी कुठे हे ठरलेलंच. आंधळा पाहुणासुद्धा चुलीला हात लागला की कणगीपर्यंत जाईल.

"म्हणजे चूल सापडली की कणगी सापडली," ती म्हणाली.

"हो. आणि इथे..." लिडियाने भिंतीकडे बघितलं. "इथे चूल, कणगी, गोठा, सगळं छापून लावलंय. मालकाच्या फोटोसकट."

"फोटो फ्लेक्सवालाने फुकटमा टाका," भटू म्हणाला. त्याला वाईट वाटलेलं दिसत होतं. एवढ्या मेहनतीने केलेल्या तक्त्याला आजवर कुणी नावं ठेवली नव्हती. उलट, त्याने तो आजूबाजूच्या तालुक्यांतल्या मोबाइलवाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता आणि तिथे लोकांनी त्याला हात जोडले होते.

धनीबाईने एवढंच विचारलं, "आपल्या डब्याला फट आहे का?"

"फट प्रत्येक यंत्राला असते, मावशी. आपल्या डब्याला कुठे आहे ते चार दिवसांपूर्वी मला सापडलं. वाटलं होतं, पत्ते हलतायत तोवर ती बुजवायला वेळ आहे."

भटूने दोन मिनिटांत पट्टी वाचणारा परत चालू करून दिला आणि धनीबाईने डबा उचलला. "वर चल. साहेबांपुढे बोल."

नवनीतभाऊ तापीकाठच्या बागायतदार घरातले. घरात शेतीही, नोकऱ्याही. माणूस बोलायला गोड. धनीबाईला त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा सांगितला. लिडियाने घडलेलं सांगितलं तर ते म्हणाले, हे सगळं पुस्तकातलं झालं, प्रत्यक्षात असं काही होत नसतं. मग लिडियाने डबा सुरू करून टेबलाच्या एका टोकाला ठेवला आणि आपला लॅपटॉप दुसऱ्या टोकाला. डब्याला तिने हात लावला नाही, वायरही जोडली नाही. नुसत्या ब्लूटूथवरून भटूच्या फ्लेक्सवरचे दोन आकडे टाकले. चहा आला तेव्हा लॅपटॉपवर नावं उतरायला लागली होती.

धनीबाई वाकून एकेक अक्षर वाचायला लागली. जांभीपाडा. तिच्या जावेच्या मुलाचं नाव. मग रुपाचं, आणि त्यापुढे 'वाहक'. वय, बापाचं नाव, सगळं जसं तिने स्वतःच्या हाताने डब्यात भरलं होतं तसं.

तिने खोचलेला पदर काढून लॅपटॉपवर टाकला. "बंद कर."

लिडियाने झाकण मिटलं.

नवनीतभाऊ जरा हलले, पण लगेच सावरले. "मावशी, हे लिडियाला जमलं, ती शिकलेली आहे. वर डोंगरात लॅपटॉप घेऊन कोण चढणार आहे? आणि चढलाच कुणी, तर..." ते हसले, वाईट हेतूने नाही, सवयीने. "तिथल्या लोकांकडे चोरण्यासारखं आहे काय?"

 आजवर धनीबाईने पुष्कळ ऐकलं होतं. डोंगरातले लोक अडाणी, डोंगरातले लोक पिणारे, डोंगरातल्या लोकांना वेळेची किंमत नाही. सगळं गिळलं होतं तिने. पण हे वेगळं होतं. त्यांच्या पोरींची अब्रू ही चोरण्याच्याही लायकीची नाही, असं कुणी तोंडावर म्हणालं नव्हतं.

"साहेब, तुमचा हा कॉम्प्युटर," तिने बोट केलं, "यात पत्ते हलतात का?"

नवनीतभाऊंनी लिडियाकडे बघितलं.

"हलतात," लिडिया म्हणाली. "यांच्या कॉम्प्युटरात हलतात, यांच्या मोबाइलमध्ये हलतात. आपोआप. बंद करायचं तर मुद्दाम आत जाऊन बंद करावं लागतं."

"मग जा, मुद्दाम बंद कर," धनीबाई शांतपणे म्हणाली. "आणि साहेबांचे पत्ते फ्लेक्सवर छापून बसस्टँडला लाव. फोटो फुकटात टाकतो म्हणे तो."

"मावशी, काहीतरीच काय? त्यात माझं बँकेचं आहे, घरचं सगळं आहे."

"आमच्यातही घरचंच आहे."

नवनीतभाऊंनी चहाचा कप बाजूला सारला. आता ते थोडे तापले होते. "हे बघा, मी काही हौस म्हणून बंद केलं नाही. पत्ते रोज हलले तर फोटोतले आकडे रोज वेगळे येणार. भटूने ओळखायचं कसं? डबा पंधरा पंधरा दिवस मेलेला राहील, मग तुम्हीच येऊन ओरडाल. तुमच्या सोयीसाठीच केलंय."

हे बोलणं अगदीच खोटं नव्हतं. तेवढ्यात लिडिया म्हणाली, "त्यासाठी बंद करायची गरजच नव्हती, सर. कर्नेल मरताना स्वतःच सांगतो की आज बिऱ्हाड कितीने सरकवलं होतं. शेवटाला एक ओळ असते. तेवढं वजा केलं की भटूभाऊंचा तक्ता जसाच्या तसा चालतो. आणि मेल्यावर सांगितलं तर धोका नाही. परत उठेल तेव्हा दुसरीकडे मांडेल."

भटूला हाक मारून वर बोलावलं. तो ऐकून मान हलवायला लागला. "अशी वळ मी कधी देखी नही, बाई. इतला फोटो उनात." त्याने आपल्या मोबाइलमधले फोटो सरकवून दाखवले. खरंच, एकातही तसली ओळ नव्हती.

लिडियाने धनीबाईचा डबा जवळ ओढला. प्रत्येक डब्याला भटूने लाकडी चौकट ठोकली होती. डोंगरातल्या घरात उंदीर वायरी कुरतडतात, म्हणून त्याने आपल्या डोक्याने काढलेली युक्ती होती ती, आणि उंदरांपुरती ती चांगलीही होती. खालची फळी पडद्याच्या कडेवर आलेली. लिडियाने डब्यात तो फिरता पत्ता परत सुरू केला, मग मुद्दाम डबा मारला. पडदा काळा झाला, आकडे आले. तिने स्क्रूड्रायव्हर घालून फळी उचकटली.

फळीच्या मागे आणखी दोन ओळी होत्या. त्यातली एक लिडियाने बोटाने दाखवली. कर्नेल कितीने सरकला होता, ते तिथे लिहिलेलं होतं. पहिल्या दिवसापासून प्रत्येक डबा मरताना ते सांगत होता, आणि ऐंशी डब्यांत ऐंशी फळ्या त्याच्या तोंडावर ठोकलेल्या होत्या.

भटू खाली बसला. "मी भाऊले इचारं होतं," तो हळूच म्हणाला. "बंद करू का म्हनून. भाऊ म्हने, करी टाक, तठे डोंगरमा कोन चोर जास."

धनीबाईने फळी हातात घेऊन बघितली. बोटभर रुंद. चोर आला असता, त्याने कुलूप फोडलं असतं, तर ती त्याच्या नावाने बोटं मोडून मोकळी झाली असती. इथे कुणी काही फोडलंच नव्हतं. एकाला ओळ दिसली नाही आणि दुसऱ्याला विचार करावासा वाटला नाही. शहरातल्या माणसांच्या यंत्रात हे कुणी केलं असतं का? 

"सगळे डबे परत नीट करायला किती दिवस?" तिने लिडियाला विचारलं.

"डबे खाली आले तर दोन दिवस."

"होळीनंतर," नवनीतभाऊ म्हणाले. "आता कुठून आणणार? जीपा मिळत नाहीत, आणि वरून साहेब लोक बघायला येणार आहेत. ऐंशीच्या ऐंशी डबे गावागावात चालू दिसले पाहिजेत."

होळीनंतर. होळीला सगळा डोंगर घरी येतो, ऊसतोडीवरून, बांधकामावरून. ढोल वाजतात, पोरंपोरी एकमेकांना बघतात, आणि होळी विझली की लग्नं ठरतात. होळीनंतर मग कशासाठी?

चहा तसाच ठेवून धनीबाई उठली. नीट केलेला डबा तिने सोबत घेतला, पण पाड्यात गेल्यावर सुरू केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती रुपाच्या घरी गेली. अंगणात मोहाची फुलं वाळत घातली होती. रुपाच्या आईने खाट टाकली. धनीबाई बसली नाही. त्यांच्यात अशी रीत आहे, की ज्याचा शब्द खोटा पडला त्याने ज्याला दिला त्याच्या अंगणात यायचं आणि उभं राहून, स्वतःच्या तोंडाने सांगायचं. सांगून होईपर्यंत त्याने खाटेवर बसायचं नाही, पाणी घ्यायचं नाही. रुपाच्या आईने हे ओळखलं आणि खाट परत भिंतीला लावली.

धनीबाईने सगळं सांगितलं. डबा, पत्ता, फ्लेक्स, फळी.

रुपा फुलं उलटीपालटी करत ऐकत होती. "किती जणांनी बघितलं?"

"माहीत नाही. कदाचित कुणीच नाही."

"ते कळायला काही वाट आहे?"

"लिडियाला विचारलं मी. नाही म्हणते. हात नेमका जागेवर पडला की खूण राहत नाही."

रुपाने फुलांवरून हात फिरवून ती सारखी केली. तिचं ज्याच्याशी जमत होतं तो मुलगा पलीकडच्या डोंगरातला. त्याची तपासणी झालेली, तो वाहक नव्हता. म्हणजे त्या दोघांच्या लग्नाला खरं तर कसलीच अडचण नव्हती. सिस्टरने तिला तसं सांगितलंही होतं. कधी, कसं, कुठल्या शब्दांत त्याला सांगायचं, हे ती सावकाश ठरवणार होती. कदाचित लग्न झाल्यावर. तो तिचा प्रश्न होता.

"मीच सांगते त्याला," ती म्हणाली. "होळीच्या आधी. त्याला बाजारात कुणी दुसऱ्याने सांगण्यापेक्षा."

"शहाणी आहेस," आई म्हणाली.

धनीबाईला शहाणपण दिसत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की या पोरीची निवांतपणे सांगायची गोष्ट आता घाईने सांगायची झाली. तो मुलगा समजूतदार निघाला तर ठीक. त्याची आई निघाली नाही तर? रुपाला हिंमत दाखवावी लागत होती, कारण तळोद्यातल्या एका माणसाला डोंगरात चोर येईल असं वाटलं नव्हतं. लोक आता म्हणतील, पोरगी किती धीट. धीट होण्याची वेळ तिच्यावर आणली कुणी, हे कुणी विचारणार नाही.

आता रुपाच्या आईने खाट टाकली. "बस. तुझं झालं. तू उभी राहून सांगितलंस." मग पाण्याचा तांब्या पुढे करून ती म्हणाली, "पण पत्ते बंद करायला तू सांगितलं नव्हतंस. ज्याने सांगितलं तो कुठे उभा राहिला?"

धनीबाई पाणी प्यायली. तांब्या खाली ठेवला तेव्हा काय करायचं ते तिचं ठरलेलं होतं.

रेंग्याच्या जीपने एरवी फोटो खाली जायचे. त्या दोन दिवसांत त्याच जीपने निरोप वर गेला. रेंग्याने तो दुसऱ्या जीपवाल्यांना दिला, त्यांनी पुढच्या खोऱ्यांत नेला. निरोप साधा होता. डबा बंद करा, चादरीत बांधा, बाजाराच्या दिवशी नवनीतभाऊंच्या ओट्यावर आणून ठेवा.

बाजाराच्या दिवशी दुपारपर्यंत ओटा भरला. आशा येत होत्या, डबा ठेवत होत्या आणि शेजारी बसत होत्या. कुणाच्या कडेवर पोर, कुणाच्या पिशवीत बाजार. नर्मदेकाठच्या एकीने तर डबा आधी होडीतून आणि मग दोन जीपांतून आणला होता. सगळे आले नव्हते, पण जिन्याला वाट उरली नव्हती. लिडिया लॅपटॉप घेऊन ओट्यावरच बसली. भटूने फ्लेक्स कधीच उतरवला होता. कुणी न सांगता तो फळ्या काढायला लागला. प्रत्येक चौकटीची खालची पट्टी तासून, पडदा पूर्ण उघडा ठेवून परत बसवत होता. कुणाशी बोलत नव्हता.

"मोबाइलवाल्यांच्या ग्रुपवरचा तक्ता?" धनीबाईने त्याला विचारलं.

"काढी टाका. पन ज्यानी उतारी लिधा, त्यानाकडे शेच ना, मावशी."

"राहू दे त्याच्याकडे," लिडिया म्हणाली. "आता तो तक्ता एकट्याने कामाचा नाही. आणि फटही मी काल बुजवली." तिने एक डबा सुरू करून आकडा दाखवला, बंद केला, परत सुरू केला. आकडा वेगळा. धनीबाईने आणखी दोनदा करायला लावलं. दोन्हीदा वेगळाच आला. तिने मान हलवली.

नवनीतभाऊ जिन्यातून खाली आले. उद्या पाहणी होती आणि ऐंशी डब्यांपैकी बरेचसे त्यांच्याच ओट्यावर होते. तरी लिडियाचं काम उरकत आलेलं बघून त्यांना हायसं वाटलं. "झालं ना आता मावशी, तुमच्या मनासारखं? मी जीपा सांगतो. संध्याकाळपर्यंत डबे वर जाऊ द्या."

"नाही."

"आता काय राहिलं?"

"तुम्ही राहिलात," धनीबाई म्हणाली. "शब्द मी दिला, मी अंगणात उभी राहून सांगून आले. पत्ते बंद करायला तुम्ही सांगितलं. तुम्ही वर यायचं. ज्याचं ज्याचं रक्त या डब्यात आहे, त्याच्या घरी जाऊन सांगायचं काय झालं ते. मग लोक म्हणतील तर डबा सुरू होईल, नाही म्हणतील तर तुमचा तुम्हाला."

"मी घरोघर फिरू?"

"मी फिरलेच ना."

"अहो, एक पत्र काढतो. शिक्का मारून, सही करून. सगळ्या आशांना देतो वाचून दाखवायला."

ओट्यावरच्या बायकांतून कुणीतरी हसलं. "पुन्हा भोंगाच," ती म्हणाली.

"मी येस मावशी," भटू खालूनच म्हणाला.

"तूही चल. पण सांगायचं यांनी."

नवनीतभाऊंनी रस्त्याकडे बघितलं. बाजार भरात होता, लोक थांबून ओट्याकडे बघत होते. बायकांनी भाकऱ्या सोडल्या होत्या. त्या उठायच्या घाईत दिसत नव्हत्या. "मला त्यांची भाषा येत नाही," ते शेवटी म्हणाले, आणि आवाजात पहिल्यांदाच गोडवा नव्हता, नुसती अडचण होती.

"तुम्ही मराठीत सांगा. मी आमच्या बोलीत सांगेन. माझ्या पाड्यात मी, पुढच्या पाड्यात ही, त्याच्या पुढे ती. पण तोंड तुमचं पाहिजे."

"कितीसा वेळ लागेल?"

"घरं लांब लांब आहेत."

नवनीतभाऊ वर गेले. बायकांना वाटलं, दार लावून घेणार. ते चपला बदलून आले, चालायच्या. पाहणीवाल्यांना फोन करून काहीतरी सांगत होते. आवाज चिडका होता, पण पाय जीपकडे वळले होते.

रेंग्याने पुढची सीट झटकली. "बसा साहेब, नीट टेकून बसा," तो म्हणाला. "वर गेल्यावर खाट कुणी टाकणार नाही."